बारदान उघडायच्या आधी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या कुशीतलं एक गाव. मारुतीच्या देवळाशेजारचा ओटा आणि ओट्यावर सतरा बायका. मधोमध ओलं बारदान अंथरलेलं आणि त्यावर घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा रांगांत. दाणे निवडून घ्यायचे नाहीत, पोत्यात हात घालून येतील तसे घ्यायचे, हे दोनदा सांगितलं होतं. तरी एका मावशींचा हात फुटका दाणा गुपचूप बाजूला सारतच होता. वरून दुसरं ओलं बारदान टाकलं, सुरळी केली, टोकांना सुतळी बांधली. आता सात दिवस सावलीत ठेवून ओल राखायची आणि मग उघडून कोंब मोजायचे. उगवण क्षमता तपासायची ही रीत आमच्याकडे आता बहुतेकांना माहीत आहे.

सुतळी बांधून झाल्यावर मी विचारलं, "यातले किती उगवतील?"

"सगळेच की. घरचं बी हाय."

"आकडा सांगा."

कुणी बोलेना. शेवटी एक जण जरा वैतागूनच म्हणाली, "मॅडम, आठ दिवसांनी मोजायचंच हाय नव्हं? मग आत्ताच आकडा कशाला मागायलाव?"

तिला तेव्हा मी धड उत्तर दिलं नाही. "सांगा तर खरं" एवढंच म्हणाले आणि ज्यांनी सांगितले त्यांचे आकडे देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहिले. नव्वद, पंच्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. (पुजाऱ्यानं नंतर कुरकुर केली, पण पुसले नाहीत.) माझ्या नऊ वर्षांच्या शेतीशाळांमधून मला नीट समजलेली गोष्ट एकच आहे आणि ती त्या बाईच्या प्रश्नातच होती.

शेतीशाळा म्हणजे वर्ग नव्हे. एक शेत धरायचं, वीस-पंचवीस माणसं धरायची आणि पेरणीपासून काढणीपर्यंत दर पंधरा दिवसांनी तीच माणसं त्याच शेतात उभी राहायची. मी कृषी पदविका केलेली, घरी चार एकर कोरडवाहू. धारूर, केज, वडवणी या तालुक्यांत एका संस्थेसाठी मी हे काम करते. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातूनही मराठवाड्यात खूप शेतीशाळा झाल्या. माझी संस्था वेगळी, पण पद्धत तीच.

ती पद्धत आपल्याकडे आली इंडोनेशियातून. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यानं उच्छाद मांडला होता. फवारे जितके वाढले तितका तुडतुडा वाढला, कारण त्याला खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक औषधानं आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या ५७ कीडनाशकांवर बंदी आणली. तेवढ्यानं शेतकऱ्याचा हात पंपावरून निघणार नव्हता. मग १९८९ मध्ये जावा बेटावर शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी सकाळी शेतात जात, झाड निरखत, परत येऊन मोठ्या कागदावर त्याचं चित्र काढत. एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र. मग आपसात भांडत आणि फवारायचं की नाही ते ठरवत. शिकवणारा मधे पडत नसे.

मधे न पडणं ऐकायला सोपं वाटतं. मला ते जमायला तीन हंगाम गेले.

आता त्या बारदानाकडे येते. त्या दिवशी आणखी एका घरच्या दाण्यांचीही अशीच सुरळी बांधली होती. आठव्या दिवशी दोन्ही सुरळ्या उघडल्या. दोघींचंही बियाणं परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ७१, दोघींची जमीन एकाच शिवारातली. एकीचे चौऱ्याऐंशी कोंब निघाले, दुसरीचे अठ्ठावन्न. भिंतीवर दुसरीच्या नावापुढे पंच्याण्णव लिहिलेलं. सगळ्या आधी भिंतीकडे बघायच्या, मग बारदानाकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

आकडा लिहिलेला नसता तर काय झालं असतं ते मला पाठ आहे, कारण आधीची तीन वर्षं तेच होत होतं. अठ्ठावन्न निघाल्यावर कुणीतरी म्हणायचं, "मला वाटलंच होतं, औंदा दाणा बारीक होता." मोजून झाल्यावर प्रत्येकाला सगळं आधीच वाटलेलं असतं. तिथं शिकणं संपतं. पंच्याण्णव आणि अठ्ठावन्न शेजारी-शेजारी दिसले की मात्र माणूस अडखळतो आणि त्याच्या तोंडून आपोआप निघतं, "असं कसं झालं?" हा प्रश्न मी विचारला तर त्याची परीक्षा होते. त्यांनी विचारला तर तो त्यांचा होतो. आत्ताच आकडा कशाला मागायलाव, याचं उत्तर एवढंच.

मग कारणं निघाली. एकीचं म्हणणं, पोती जमिनीवर ठेवली, ओल लागली. दुसरी म्हणाली, थप्पी उंच रचली. तिसरी, जी बराच वेळ गप्प होती, ती म्हणाली, "तिचं हडंब्यातून निघालंय. माझ्याकडं हडंबा आलाच नव्हता टायमाला, मी काठीनं बडवलं." मला हे पुस्तकातून माहीत होतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, आतला अंकुर सालीच्या अगदी लगत. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, जोरात फिरला, किंवा दाणा फार वाळलेला असताना मळला, किंवा पोतं ट्रॉलीतून धपकन खाली टाकलं, की वरून धड दिसणारा दाणा आतून मुका मार खातो. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. माझ्या कारकिर्दीतली ती चांगली पाच मिनिटं म्हणायला हरकत नाही.

त्या वेळेपुरता हिशेब त्यांनी लगेच केला. उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो बियाणं लागतं. अठ्ठावन्न असेल तर त्याच हिशेबानं छत्तीस. त्या बाईनं निम्मं बियाणं चौऱ्याऐंशीवालीकडून बदलून घेतलं आणि उरलेलं वाढवून पेरलं. खरं काम ऑक्टोबरात झालं. बियाण्यापुरती सोयाबीन चौघींनी काठीनं बडवली. तिघींनी हडंबेवाल्याला गाठून फेरे कमी करायला लावले. बाकीच्यांनी नेहमीसारखी काढली. सगळ्यांनी अंदाज आधी लिहिले. मीही लिहिला. काठीवालं बियाणं फार पुढे जाईल अशी माझी खात्री होती.

पुढच्या मेमध्ये बारदानं उघडली तेव्हा नेहमीसारखं मळलेलं मागं पडलं, हे अपेक्षितच होतं. पण काठीचं आणि हळू फिरवलेल्या हडंब्याचं यांत जेमतेम दोन-तीन दाण्यांचा फरक निघाला. माझा अंदाज चुकला. आज त्या गावात बियाण्यासाठी कुणी हातानं बडवत बसत नाही. हडंबेवाल्याला फक्त ओरडून सांगतात, "बियाचं हाय रं, हळू चालव." मी त्या दिवशी ओट्यावर पुस्तकातलं कारण सांगून काठीची शिफारस करून टाकली असती, तर सतरा घरच्या बायकांचे खांदे मी कारण नसताना दुखवले असते.

२०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. लोकांनी चाड्यावर मूठ धरली ती दोनदा. कंपन्यांची चूक जिथं होती तिथं होतीच, तिचा पाठपुरावा झालाच पाहिजे. पण त्या वर्षी किती घरांत पेरायच्या आधी शंभर दाणे भिजवले होते, हा प्रश्न मी तेव्हा आमच्याच भागात विचारला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. विचारायची वेळ चुकली होती, हे आता मान्य करते.

टोयोटाच्या कारखान्यावर माईक रॉदर नावाच्या अभ्यासकाचं एक पुस्तक आहे, २००९ सालचं. संस्थेतल्या एका प्रशिक्षणात त्याचा सारांश ऐकला आणि मला हसू आलं, कारण जपानमधला पर्यवेक्षक कामगाराला जे विचारतो तेच आम्ही ओट्यावर विचारत होतो. कुठं पोचायचंय? आत्ता कुठं आहोत? आडवं काय येतंय? पुढचं एकच पाऊल कोणतं आणि त्यानं काय होईल असं वाटतं? काय झालं ते बघायला कधी जायचं? रोज तेच प्रश्न, त्याच क्रमानं. रॉदर त्याला 'काता' म्हणतो. जपानीत त्याचा अर्थ घोटून घोटून अंगात मुरवलेली हालचाल. आपल्याकडे त्याला तालीम म्हणतात आणि त्यासाठी जपानला जायची गरज नाही. तालमीतला वस्ताद पठ्ठ्याच्या वतीनं कुस्ती खेळत नाही. तो मातीच्या कडेला उभा राहतो, पाय कुठं चुकला ते बघतो आणि तोच डाव पुन्हा करायला लावतो.

आणि जावा, जपान कशाला? कोल्हापूरकडच्या श्रीपाद अच्युत दाभोलकर या गणिताच्या माणसानं 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच वाटेनं. द्राक्षबागायतदारांनी आपापल्या वेलीवर प्रयोग करायचे, नोंदी ठेवायच्या आणि एकमेकांना सांगायच्या. तज्ज्ञ आणि अडाणी अशी पंगत त्यांनी मांडलीच नाही. मराठवाड्यात त्यांचं नाव जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही.

आपण वैज्ञानिक दृष्टिकोनाला भाषणात बसवून ठेवलंय. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तो नागरिकाचं मूलभूत कर्तव्य झाला. दर २८ फेब्रुवारीला शाळेत त्यावर निबंध होतात, बुवाबाजीवर चार शब्द होतात, चहा होतो. बुवाबाजीविरुद्ध बोललंच पाहिजे. पण जो माणूस बुवाकडे जात नाही तो दुकानदार देईल ते औषध तीन प्रकारचं एकत्र करून पंपात ओततो, तेव्हा तो कोणत्या दृष्टिकोनानं वागतो? रोजच्या कामात आपलं म्हणणं तपासून बघायची सवय नसेल तर निबंधाचा उपयोग नाही. आणि सवय भाषणानं लागत नाही, हे दात घासायला शिकवणाऱ्या कुठल्याही आईला माहीत आहे.

आता माझी गोष्ट, जी मी संस्थेत कधी सांगितली नाही.

पोळ्याच्या आसपासचे दिवस. कापसात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावलेले, एकरी दोन. नरसाळ्यासारखा सापळा, खाली प्लॅस्टिकची पिशवी, वर मादीच्या वासाची गोळी, म्हणजे ल्यूर. नर पतंग त्या वासाला भुलून येतात आणि पिशवीत पडतात. ते रोज सकाळी मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर नुकसानीची पातळी गाठली, असं मानतात. शिवाय वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघायची. वरून हिरवंगार, तुकतुकीत दिसणारं बोंड नखानं चिरलं की आत सरकीला चिकटलेली अळी दिसते, लहानपणी पांढरट, मोठी झाल्यावर गुलाबी. २०१७ मध्ये या अळीनं राज्यभर कापूस खाल्ला, तेव्हापासून तिचं नाव काढलं तरी लोक दचकतात.

त्या आठवड्यात मुलगा तापानं फणफणला होता. मी पाच दिवस शेतात गेले नाही. शुक्रवारी आकडे वर पाठवायचे असतात. मी ओसरीत बसून रजिस्टर भरलं. चार, पाच, सहा, पाच, सहा. अगदी खऱ्यासारखे, जरा वर-खाली. पुढच्या मंगळवारी शेतीशाळेत तेच रजिस्टर उघडून मी "काय दिसतंय?" असं विचारलं. दुसऱ्या सापळ्याच्या नोंदीवर बोट ठेवून एक पोरगी म्हणाली, "ताई, ह्यात सहा कुठून आले? ह्यो तर गेल्या बुधवारच्या वाऱ्यात आडवा पडलाय. मी रोज तिथून जाते, पिशवीत चिखल हाय."

पंचवीस जणी माझ्याकडे बघत होत्या. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्या पोरीला बघायला मीच शिकवलं होतं. "मी गेलेच नव्हते," म्हणाले. कुणी काही बोललं नाही. एका काकूनं विचारलं, "लेकरू बरं हाय का आता?" आणि मग आम्ही सगळ्या उठून सापळा उभा करायला गेलो.

यात माझा आळस होता, मुलाचा ताप होता. पण मी अजून एक कारण सांगते, आणि ते सबब म्हणून सांगत नाही. त्या सबंध हंगामात माझ्याकडे वरून आलेल्या प्रत्येकानं मला हजेरी किती, फोटो काढले का, रजिस्टर पूर्ण आहे का, एवढंच विचारलं. तुला काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं, हे एकदाही कुणी विचारलं नाही. भरलेल्या चौकटीला शाबासकी असेल तर चौकटी भरल्या जातात, मग सापळा उभा असो की आडवा. ज्या माणसाला स्वतःला कुणी प्रश्न विचारत नाही तो दुसऱ्याला प्रश्न विचारायला कुठून शिकणार? तो उत्तरं वाटत सुटतो. शिकवणाऱ्यालाही वस्ताद लागतो, आणि ही साखळी आपल्याकडे पहिल्याच कडीला तुटते. हे फक्त शेतीत होतं असं नाही. शाळेत, बँकेत, साखर कारखान्याच्या स्लिपबॉयपासून दवाखान्याच्या नर्सपर्यंत, तपासायला येणारा माणूस रजिस्टर उघडतो, सही करतो आणि जातो.

लोक माझ्यावर एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. प्रयोग करायला खिसा लागतो. कोरडवाहू दोन एकर, डोक्यावर दुकानदाराची उधारी, त्यात पावसानं दडी मारलेली. अशा माणसाला अंदाज लिही आणि थांब म्हणणं क्रूरपणा आहे. दुकानदार अर्ध्या मिनिटात उत्तर देतो, वर उधारीवर देतो. मी पंधरा दिवसांनी प्रश्न देते. मी त्याच्या जागी असते तर दुकानातच गेले असते. म्हणून आम्ही सगळ्या रानात काहीच करत नाही. चार तास सोडायचे, म्हणजे पिकाच्या चार ओळी. त्यात फवारा नाही, बाकी रानात हवं ते करा. चार तास गेले तरी घर बुडत नाही, आणि तेवढ्यात बघायचं ते दिसतं. तरीही २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा चार तासही वाळले आणि बाकीचंही वाळलं. त्या वर्षी आम्ही पावसाच्या खंडाखेरीज काही शिकलो नाही.

सवय लागली की ती शेतात थांबत नाही, याचा एक पुरावा माझ्याकडे आहे. आमच्या गटातल्या एकीच्या गाईच्या दुधाला फॅट कमी लागायची. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी पावती मिळते, तिच्यावर फॅट छापलेली असते. म्हणजे रोजची फुकट प्रयोगशाळाच. तिनं पावतीच्या मागं अंदाज लिहायला सुरुवात केली. आधी सरकी पेंड बदलली आणि त्याच दिवशी धार काढायची तऱ्हाही बदलली. फॅट वाढली. ती खूश होऊन माझ्याकडे आली. मी विचारलं, "कशानं वाढली?" ती थांबली, हसली आणि म्हणाली, "दोन्ही एकदमच केलं की मी." घरी जाऊन पेंड पुन्हा जुनी केली, धारेची तऱ्हा नवीच ठेवली. फॅट टिकली. तऱ्हा एवढीच होती, की आधी ती कासेतलं शेवटचं दूध वासराला राखायची, आता वासराला आधीच पाजते आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळते. शेवटच्या दुधात फॅट सगळ्यात जास्त असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवी पेंड महाग होती, ती तिनं बंद केली.

मला मागायचं आहे ते फार खर्चाचं नाही. भेटीला येणाऱ्या साहेबांनी एक दिवस रजिस्टर मिटून ठेवावं आणि शिकवणाऱ्याबरोबर रानात उभं राहून तेच पाच प्रश्न विचारावेत. चुकलेला अंदाज दाखवणाऱ्याला नोटीस देऊ नये. आणि दर वेळी नवा माणूस, नवी योजना न पाठवता एकाच माणसानं दोन हंगाम तरी यावं, कारण वस्ताद बदलत राहिला तर पठ्ठ्याला रोज पहिल्या दिवसासारखंच उभं राहावं लागतं.

साहेब कधी येतील ते येतील. गेल्या वर्षीपासून मी आणि केज तालुक्यातली माझ्यासारखीच एक प्रशिक्षक दर शनिवारी रात्री फोनवर एकमेकींना ते प्रश्न विचारतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात, कधी नुसतीच रडगाणी होतात. गेल्या शनिवारी तिनं विचारलं, "तुझ्या दुसऱ्या गावचे सापळे काय म्हणतात?" माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. पाऊस होता, मी गेले नव्हते. तेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग कधी जाणारेस, आणि किती सापडतील वाटतं?"

मंगळवार, म्हणाले. तीन.